आपला नंबर लागेल का?
उत्तर रत्नागिरीतल्या तीन विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचा इतिहास

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "नंबर लागेल का?" विचारणारा बाप कधी अंगणात बसलेला असतो, कधी मुंबईहून फोनवर असतो. उत्तर देणारे मात्र पुष्कळ. कोणी गेल्या वर्षीचा कटऑफ सांगतो, कोणी पर्सेंटाईलचा हिशेब मांडतो, तर कोणी "आपल्याकडच्या पोरांचं तिथं काम नाही" एवढे बोलून मोकळा होतो. या शेवटच्या उत्तराला आकडा लागत नाही, कागद लागत नाही, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत लवकर पटते.

मोठ्या विद्यापीठात आपला निभाव लागेल का, हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वीही तो याच डोंगरांत विचारला गेला आहे. तेव्हा त्याची उत्तरे कोणी दिली, कोणत्या मापाने दिली आणि पुढे ती किती खरी ठरली, हे तपासण्यासारखे आहे. त्यासाठी आपल्याच मातीतले तीन विद्यार्थी मी निवडले आहेत. तिघांचीही नावे आपण शाळेत असताना जयंतीच्या भाषणांत ऐकली आहेत. पण आपण ऐकली ती त्यांच्या मोठेपणाची कथा. ते मोठे व्हायच्या आधी, दारात उभे असताना, त्यांच्याविषयी काय अंदाज केला गेला, ते आपण सहसा सांगत नाही.

विद्यापीठाचे दार आणि आपला पेटा

एकोणिसाव्या शतकात मंडणगड हा स्वतंत्र तालुका नव्हता. दापोली तालुक्याचा तो पेटा होता. म्हणून आपला शैक्षणिक इतिहास दापोलीला वगळून सांगता येत नाही. सावित्री आणि भारजा नद्यांच्या मधल्या या डोंगराळ मुलखातून बाहेर पडायचे तर खाडी आणि समुद्र हा हमरस्ता. पावसाळ्यात तोही बंद. चार महिने मुंबई जवळ असूनही दूर होई.

त्या मुंबईत १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तेव्हाची मॅट्रिक म्हणजे शाळेचा शेवट नव्हे, तर विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच. त्या पहिल्या परीक्षेला बसलेल्यांपैकी एक पंचमांशही उत्तीर्ण झाले नाहीत. उत्तीर्णांमध्ये महादेव गोविंद रानडे होते आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले, मूळचे मालवणचे रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. पुढे १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले ते अवघे चार जण, आणि त्या चौघांत रानडे व भांडारकर दोघेही होते. म्हणजे चाळणी बारीक होती. पण कोकणातला मुलगा तिच्यातून पहिल्याच खेपेला पार झाला होता. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

पहिला विद्यार्थी : लहान दिसणारा

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातल्या शेरवली येथे, आजोळी झाला. वाढले ते दापोलीजवळच्या मुरूडला. घरची परिस्थिती बेताची. मराठी शाळेतले शिक्षण झाले की मास्तरकी किंवा कारकुनी मिळवून देणारी सरकारी परीक्षा द्यायची, ही त्या काळच्या गरीब हुशार मुलाची सर्वांत मोठी झेप. ही परीक्षा विद्यापीठाची नव्हती, हे खरे. पण निवडीच्या दाराशी आपल्या भागातल्या मुलाचे काय होते, याचा पहिला धडा तिथेच मिळतो.

परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. परीक्षा साताऱ्याला होती. पावसाळा असल्याने बोट बंद, म्हणून कर्वे सोबत्यांबरोबर पायीच निघाले. मुरूडहून सातारा सुमारे एकशे दहा मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भर पावसात घाट चढून, नदी-नाले ओलांडून चार दिवसांनी ते पोचले. परीक्षा मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून बसू दिले नाही. वयाचा दाखला जवळ होता. पण दाखल्यापेक्षा डोळ्यांनी दिसले ते खरे मानले गेले.

इथे एका विद्यार्थ्याची पात्रता मोजायला किती वेळ लागला? एक नजर. तिने ज्ञान मोजले नाही, चार दिवसांची चाल मोजली नाही. अंगकाठी मोजली. आणि ती कोकणातल्या अर्धपोटी मुलाची अंगकाठी होती.

पुढच्या वर्षी कर्व्यांनी तीच परीक्षा कोल्हापूरला दिली आणि ते उत्तीर्ण झाले. त्यानंतर इंग्रजी शिक्षणाकडे वळले. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आज तेविसाव्या वर्षी मुलगा दुसरी पदवी हातात घेऊन उभा असतो. तेविसाव्या वर्षी प्रवेशपरीक्षा पास होणाऱ्या तरुणाविषयी आपल्या वाडीत काय बोलले जाईल, हे मी सांगायला नको. १८८४ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी.ए. झाले आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

दुसरा विद्यार्थी : प्रत्येक यादीत पहिला

मुंबईत शिकवण्या आणि शाळेतली मास्तरकी करत असताना कर्व्यांनी गावाकडच्या नात्यातला एक मुलगा आपल्या बिऱ्हाडी आणला. हा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १६ फेब्रुवारी १८७६, गाव आंजर्ल्याजवळचे मुर्डी. मुलाची गणितातली गती कर्व्यांनी ओळखली होती. ही ओळख कुठल्या परीक्षेने करून दिलेली नव्हती. शेजारी बसून गणिते सोडवताना ती झालेली होती.

परांजप्यांची पुढची वाटचाल मात्र सगळी परीक्षांच्या यादीवरून वाचता येते. विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी पहिला क्रमांक सोडला नाही. फर्ग्युसनमधून बी.एस्सी. झाल्यावर १८९६ मध्ये भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. अशा शिष्यवृत्त्या साऱ्या देशात मोजक्याच होत्या. म्हणजे वर्षाला हजारो मुले ज्या शिडीवर चढत, तिच्या शेवटच्या पायरीवर एक-दोघांनाच जागा होती.

केंब्रिजमध्ये गणिताची 'ट्रायपॉस' नावाची परीक्षा असे. तिचा निकाल गुणानुक्रमे जाहीर होई. पहिल्या वर्गात येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणत आणि सगळ्यांत पहिला येणारा 'सीनियर रँग्लर'. इंग्लंडच्या विद्यार्थिजगतात त्याहून मोठा मान क्वचितच असेल. हिंदी मनुष्य रँग्लर होऊ शकतो, हे १८७४ मध्ये बंगालच्या आनंदमोहन बोस यांनी दाखवले होते. पण पहिला क्रमांक? १८९९ च्या निकालात परांजपे बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुर्डीच्या मुलाने केंब्रिजच्या यादीचा माथा गाठला, ही बातमी देशभर साजरी झाली.

परांजप्यांच्या बाबतीत अंदाज कधी चुकला नाही, कारण मोजणाऱ्यांचे माप आणि मुलाचा गुण एकाच जातीचे होते. लेखी परीक्षा गणिती बुद्धीला चांगली मोजते. अशा मुलाचे भले यादीच करते. पण ही यादी सुरू होण्यापूर्वीची पायरी विसरू नये. मुर्डीहून मुंबईला नेणारा कोणी भेटला नसता तर तो यादीत कुठेच आला नसता. ज्या यादीत आपण बसलोच नाही, तिच्यात आपला क्रमांक किती, हा प्रश्नच निरर्थक आहे.

तिसरा विद्यार्थी : साडेसदतीस टक्क्यांचा

आंबडवे आपल्या तालुक्यातले. सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे मूळ गाव. त्यांचे चौदावे अपत्य भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मले. रामजींच्या निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले आणि मग साताऱ्याला गेले.

दापोलीत त्या दशकात प्रवेशाचा प्रश्न किती मुळापासून होता, ते पाहावे. निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केले, पाठपुरावा केला. झगडून जो प्रवेश मिळाला, तो वर्गात नव्हे, व्हरांड्यात बसण्यापुरता. कर्व्यांना एका नजरेने नाकारले गेले, पण पुढच्या वर्षी दुसरे केंद्र होते. इथे कुठले वर्ष नव्हते, दुसरे केंद्र नव्हते. आंबडव्याच्या मुलाची 'शक्यता' त्याच्या जन्माआधीच शून्य लिहून ठेवलेली होती.

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. गावाच्या नावावरून आलेले त्यांचे आडनाव शाळेच्या दप्तरातून जगभर गेले. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२.

या आकड्यावर क्षणभर थांबावे. २८२ म्हणजे ३७.६ टक्के. तेव्हाची मॅट्रिक कठीण होती आणि गुण सढळ हाताने दिले जात नसत, हे मान्य. तरीही त्या वर्षी गुणानुक्रमे एक यादी लावली असती आणि वरच्या काही जणांनाच पुढे जाऊ दिले असते, तर हा विद्यार्थी त्यांत असता असे म्हणवत नाही. परांजप्यांना ज्या मापाने शिखरावर नेले, त्याच मापाने आंबेडकरांना घरी पाठवले असते. आणि या मापात परळच्या चाळीतली एक खोली, घरातली गर्दी, वर्गात वेगळे बसणे, हवा तो विषय न मिळणे, यांतले काहीच मोजले जात नव्हते.

मग दार उघडले कसे? त्या सुमारास चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसलेला कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांना दिसत असे. केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक आणि लेखक. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. मॅट्रिकनंतर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे शिक्षण अडेल असे दिसताच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची मदत सुरू झाली. आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी ४ जूनला बडोदा संस्थानाशी करार झाला : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

कोलंबियात त्यांना वाचायला ग्रंथालय मिळाले, निवडायला विषय मिळाले आणि बसायला वर्गातला बाक मिळाला. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे विषय त्यांनी घेतले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला. प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून या विद्यार्थ्याची शिफारस केली. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

त्या वर्षी फॉक्सवेल यांनी लंडन स्कूलच्या चिटणीसबाईंना एक पत्र लिहिले. याने आधीच डॉक्टरेटचा अभ्यास पुरा केलेला आहे, आता याने जिंकावे असे आमच्याकडे काही उरलेले नाही, अशा आशयाचे. तेरा वर्षांपूर्वी साडेसदतीस टक्के मिळवणाऱ्या विद्यार्थ्याविषयीचा हा अभिप्राय आहे. १९२१ मध्ये लंडनची एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. आणि मधल्या काळात बॅरिस्टरी. डी.एस्सी.चा प्रबंधही पहिल्या खेपेस जसाच्या तसा स्वीकारला गेला नव्हता. परीक्षकांनी सुचवल्यावरून तो पुन्हा लिहून द्यावा लागला. इतक्या वरच्या पायरीवरही दुसरी खेप होतीच.

मोजणारे आणि त्यांची मापे

तिघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. शक्यता विद्यार्थ्याच्या अंगात नसते. ती विद्यार्थी आणि माप यांच्यामध्ये असते. साताऱ्याच्या अध्यक्षांचे माप डोळे होते. केंब्रिजचे माप लेखी परीक्षा होती. दापोलीच्या शाळेचे माप जात होती. केळुसकरांचे माप होते बागेत रोज वाचत बसलेला मुलगा. चार मापे, आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे.

दुसरी गोष्ट अशी, की तिघांच्याही बाबतीत खरा अंदाज केला तो जवळून पाहणाऱ्याने. कर्व्यांनी परांजप्यांना शिकवताना ओळखले, केळुसकरांनी आंबेडकरांना वाचताना पाहिले, सेलिग्मनांनी त्यांच्याशी वर्गात वाद घातले. लांबून मोजणाऱ्याला आकडा लागतो; जवळून पाहणाऱ्याला मूल दिसते.

तरी इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाहीतर हा लेखही जयंतीचे भाषण होईल. चरित्रे पोचलेल्यांचीच लिहिली जातात. १८५९ च्या मॅट्रिकला नापास झालेल्यांची यादी आपल्याला पाठ नाही. दापोलीच्या व्हरांड्यात बसलेल्या मुलांपैकी किती जण लंडनला गेले असते, ते कोणालाच कळणार नाही, कारण त्यांची परीक्षा झालीच नाही. जिद्द असली की सारे होते, असे या तिघांवरून सांगणे म्हणजे बाकीच्यांवर अन्याय आहे. जिद्दीबरोबर पैसा लागला, नातेवाईक लागला, शिक्षक लागला, महाराज लागले, आणि दुसऱ्यांदा बसण्याची सोय लागली. यांतले एक जरी नसते तरी दार बंद राहिले असते.

म्हणूनच बहुधा या तिघांनी पुढे दारे बांधण्याचेच काम केले. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्वतःची वेगळी प्रवेशपरीक्षा ही त्याची वैशिष्ट्ये. मुंबई विद्यापीठाचे माप मुलींना बसत नव्हते, म्हणून मुलींना बसेल असे माप त्यांनी केले. त्याचे पहिले कुलपती झाले भांडारकर आणि पहिले कुलगुरू रँग्लर परांजपे. १८५९ च्या चाळणीतून गेलेला आणि केंब्रिजच्या यादीत पहिला आलेला, असे दोघे त्या नव्या दाराशी उभे राहिले. परांजप्यांनी तर देशात परतल्यावर फर्ग्युसनची अल्प पगाराची नोकरी स्वीकारून जाण्याआधी दिलेला शब्द पाळला होता. आणि बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी व पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. आज आंबडव्यातही मुंबई विद्यापीठाचे मॉडेल कॉलेज आहे. ज्या गावच्या मुलाला व्हरांडा दाखवला जात होता, त्या गावात विद्यापीठ स्वतः चालत आले.

आजचा हिशेब

आज माप पुन्हा एकच झाले आहे, ते म्हणजे प्रवेशपरीक्षा आणि पर्सेंटाईल. ही पद्धत साताऱ्याच्या नजरेपेक्षा कितीतरी न्यायाची. ती नाव विचारत नाही, उंची पाहत नाही. पण तिचे आकडे नीट वाचता आले पाहिजेत.

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे आपल्याकडच्या पुष्कळ पालकांना अजून कोणी नीट सांगितलेले नाही. ९९ पर्सेंटाईल म्हणजे शंभरातले ९९ गुण नव्हेत. शंभरातली ९९ मुले तुमच्या मागे किंवा बरोबरीला आहेत. दहा लाख मुले बसली असतील तर ९९ च्या वरही दहा हजार मुले उरतात. २०२४ मध्ये 'नीट'ला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. आयआयटीच्या सर्व संस्थांतल्या जागा त्याच वर्षी सतरा हजारांहून थोड्या अधिक. हे आकडे मुलापासून लपवू नयेत. "तू हुशार आहेस, तुझं होणारच" असे सांगून त्याला लातूरला किंवा पुण्याला पाठवायचे, कर्ज काढायचे, आणि नाही झाले की वर्षभर घरात अबोला, हा प्रकारही आपण पाहिलेला आहे.

पण हे आकडे गर्दीचे वर्णन करतात, एका मुलाचे नाही. 'वीसात एकाला मिळते' याचा अर्थ प्रत्येकाच्या हातात विसावा हिस्सा आहे असा होत नाही. कोणाची शक्यता त्याहून खूप जास्त असते, कोणाची खूप कमी. ती ठरते तयारीवर, विषयावर, कोणत्या संस्थेत कोणती शाखा मागितली त्यावर, कोणत्या प्रवर्गातून आणि कोणत्या फेरीत मागितली त्यावर. गेल्या वर्षी कोणत्या क्रमांकावर प्रवेश बंद झाला, ते पाहावे. पण एका वर्षाचे नव्हे, तीन वर्षांचे. मग पर्याय भरताना वरच्या, मधल्या आणि हमखास मिळणाऱ्या अशा तिन्ही जागा क्रमाने भराव्यात. वरची जागा भरल्याने खालची जात नाही. हे साधे तंत्र मुंबई-पुण्याच्या मुलाला आपसूक कळते, आपल्या मुलाला ते सायबर कॅफेत, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सर्व्हर बंद पडलेला असताना कळते.

शिष्यवृत्तीचेही तेच. परदेशी शिकायला बडोद्याचे महाराज आता नाहीत, पण राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी दिली जाते. इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. त्यांची जाहिरात आंबडव्यापर्यंत, पालवणीपर्यंत, बाणकोटपर्यंत वेळेत पोचते का, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते आपल्या तालुक्यातले सर्वांत मोठे नुकसान नाकारलेल्या अर्जांमुळे होत नाही. ते न भरलेल्या अर्जांमुळे होते. नाकारलेल्या मुलाला निदान आपण कुठे कमी पडलो ते कळते आणि कोल्हापूरचे केंद्र शोधता येते. न भरलेला अर्ज कोणत्याही यादीत दिसत नाही, म्हणून त्याचे दुःखही कोणी करत नाही. साताऱ्याचा तो अध्यक्ष आज आपल्याच घरात बसलेला असतो. मुलाकडे एकदा पाहतो आणि म्हणतो, हा तिथला दिसत नाही.

आपण काय करू शकतो

मेळाव्याला जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, बँकेत, पोलिसांत, गोदीत, आखातात काम करणारे आहेत. शाळेला पंखे, संगणक, पाण्याची टाकी आपण देतो आणि द्यावीच. पण वरच्या इतिहासात तीन भूमिका आहेत, त्या करायला फारसा पैसा लागत नाही.

एक भूमिका कर्व्यांची. परीक्षेच्या किंवा प्रवेशाच्या वेळी मुंबई-पुण्यात आलेल्या गावच्या मुलाला चार दिवस घरी ठेवून घेणे, केंद्र दाखवणे, सोबत जाणे. दुसरी केळुसकरांची. वर्षातून एकदा शाळेत येऊन भाषण न करता दोन-चार मुलांशी बसून बोलणे, ती काय वाचतात ते पाहणे, आणि योग्य ठिकाणी शब्द टाकणे. तिसरी नवल भथेनांची. प्रवेश मिळाला आहे पण पहिल्या हप्त्याची मुदत उद्या आहे, अशा वेळी परतीच्या बोलीवर का होईना, रक्कम उभी करणे. शाळेने आणि माजी विद्यार्थी संघाने मिळून जून महिन्यात एक आठवडा प्रवेशाचे अर्ज भरून देण्याचे टेबल मांडले, तर या तिन्ही भूमिकांना एक जागा मिळेल.

'नंबर लागेल का?' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे आहे : आकडे पाहू, मुलाला जवळून पाहू, तिन्ही पायऱ्यांचे पर्याय भरू, आणि यंदा नाही झाले तर पुढच्या वर्षीचे केंद्र कुठे आहे ते आजच विचारून ठेवू. अर्जाची शेवटची तारीख मात्र फळ्यावर आधी लिहू या.